न उगवलेल्या दिवशीची नेमणूक

फुआतिनो शिक्षिका झाली ती ओल्या नकाशांमुळे.

१९९०च्या फेब्रुवारीतलं वादळ सामोआच्या सवाई बेटावरून गेलं तेव्हा फागालेले गावच्या हायस्कुलाचं छप्पर उडून समुद्रात पडलं आणि शाळेची सगळी पुस्तकं भिजली. मग गावाने ती घराघरांत वाळवायला वाटून घेतली. कुणाकडे गणित गेलं, कुणाकडे बायबलचे धडे. फुआतिनोच्या आईकडे आले चाळीस नकाशासंग्रह. फुआतिनो तेव्हा वीस वर्षांची, शाळा संपवून आईबरोबर चटया विणत बसलेली. तीन आठवडे तिने ते नकाशे काळ्या दगडांवर पसरले, पानं चिकटू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने एकेक पान उलटलं, आणि उलटताना वाचलं. दुसरं करायला काही नव्हतंच.

इकडे सामाजिक शास्त्र शिकवायला न्यूझीलंडहून आलेला तरुण पहिली फेरी बोट सुरू होताच तिच्यावर चढला आणि गेला. तेव्हाचे म्हातारे मुख्याध्यापक नकाशे सुकले का बघायला आले आणि गंमत म्हणून त्यांनी विचारलं, "काय गं, बोलिव्हियाची राजधानी कोणती?"

फुआतिनो पान उलटत म्हणाली, "दोन आहेत. तुम्हाला कुठली हवी?"

मुख्याध्यापकांनी वाकून ते पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, "सोमवारी ये. दोन आठवड्यांपुरतं काम आहे."

ते दोन आठवडे एकवीस वर्षं चालले.

या एकवीस वर्षांत तिला कुणी फुकट पगार घेतेस असं म्हणू शकलं नाही. रीतसर पदविका हवी म्हणून ती दर सुट्टीत पलीकडच्या बेटावर, राजधानी अपियाला जाऊन शिकायची. पदविका दोन वर्षांची, तिला नऊ लागली. एकदा पोटात मूल होतं. एकदा परीक्षेच्या दिवशीच दिराची मयत निघाली, आणि मयतीला थोरल्या सुनेने नसणं म्हणजे परीक्षेत नापास होण्यापेक्षा वाईट. एकदा प्रश्नपत्रिकाच चुकीच्या बेटावर गेली. पण २००४ साली पदविका हातात पडली. शाळा चालवणाऱ्या फागालेले जिल्हा शाळा मंडळाने तिला कायम करायचं ठरवलं, आणि ते ठरवण्यात आणखी सात वर्षं गेली, कारण मंडळ वर्षातून एकदाच भरायचं आणि भरलं की आधी जेवायचं.

शिकवणं मात्र तिचं असं की मुलं विसरणार नाहीत. देशाने गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूऐवजी डाव्या बाजूने चालवायच्या ठरवल्या, तेव्हा तिने अख्खा वर्ग रस्त्याकाठी नेऊन उभा केला होता. बसची दारं आता रस्त्याच्या मधोमध उघडत होती, आणि टोपल्या घेतलेल्या बायका उतरल्या की थेट समोरून येणाऱ्या ट्रकपुढे. "लिहा," ती म्हणाली, "निर्णय घेणं आणि दार बदलणं ही दोन वेगळी खाती आहेत."

आणि मग आलं २०११. सामोआने ठरवलं की आपण तारीखरेषेच्या पलीकडच्या बाजूला जायचं. म्हणजे गुरुवारी २९ डिसेंबरला झोपायचं आणि उठायचं ते शनिवारी ३१ला. मधला शुक्रवार उगवायचाच नाही. फुआतिनोला तर पर्वणीच! वर्गाच्या फरशीवर तिने खडूने रेघ मारली, एका बाजूला गुरुवार, दुसऱ्या बाजूला शनिवार, आणि मुलांना उड्या मारायला लावल्या. पुढे दरवर्षी परीक्षेत तिचा एक प्रश्न ठरलेला : '३० डिसेंबर २०११ रोजी सामोआत काय घडले?' बरोबर उत्तर एकच. काहीही नाही, तो दिवस झालाच नाही. जो काही लिहील त्याचे दोन गुण गेले.

त्याच डिसेंबरात मंडळाचं पत्र आलं. 'आपली तात्पुरती सेवा २९ डिसेंबर २०११ रोजी संपेल व शुक्रवार, ३० डिसेंबर २०११पासून आपण कायम शिक्षिका म्हणून रुजू व्हाल.' नवरा पेसामिनो याने पत्राला फ्रेम केली आणि घराच्या मधल्या खांबावर टांगली. पेसामिनो म्हणजे घराण्याचा मताई, कर्ता प्रमुख, गावच्या सभेत खांबाला टेकून बसण्याचा मान असलेला माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते पत्र दाखवायचा. आठ वर्षं फुआतिनो त्या पत्राखाली बसून परीक्षेचे पेपर तपासत होती. आठ वर्षं तिने ३० डिसेंबरला काहीतरी घडलं म्हणणाऱ्यांचे गुण कापले. पण एकदाही मान वर करून तारीख वाचली नाही.

*

२०१९ साली नियम निघाला की प्रत्येक शिक्षकाने अपियात जाऊन नाव नोंदवायचं. पत्र काचेला चिकटून बसलेलं, सुटं निघेना. म्हणून फुआतिनो फ्रेमच घेऊन निघाली. पहाटेची बस, मग फेरी, मग परत बस. फेरीवर एका बाईने फ्रेम मांडीवर बघून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. मी कायम झालेय."

"बरं," बाई म्हणाली आणि जरा लांब सरकून बसली.

नोंदणीच्या कचेरीत खिडकीमागे बसला होता औकुसो. फुआतिनोने त्याला लगेच ओळखलं. फागालेलेचाच, बारावीला तिच्या वर्गात होता. आता इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"औकुसो! अरे, केवढा झालास! आईचा पाय कसा आहे?"

"बरा आहे, मिस. बसा, मिस." त्याने पदविका बघितली, मान डोलवली. मग फ्रेम उलटीसुलटी केली, कॉम्प्युटरवर काही टाइप केलं, परत टाइप केलं आणि चेहरा पाडून बसला. "मिस, मशीन ही तारीख घेत नाही."

"कुठली तारीख?"

"तुमच्या नेमणुकीची. तीस डिसेंबर दोन हजार अकरा."

"मग घेऊ दे की! काय झालंय तिला?"

औकुसोने मान खाली घातली. "मिस... तो दिवस झालाच नाही."

फुआतिनोने फ्रेम आपल्याकडे वळवली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिने ते पत्र नीट वाचलं.

"अरे, टायपिस्टची चूक आहे ही," ती शेवटी म्हणाली. "एकतीस टाक."

"एकतीस टाकलं तर पत्रात खाडाखोड होईल. सही करणाऱ्यांनी दुरुस्त करायला हवं."

"ते तर वारले."

"तेच म्हणतोय मी."

"बरं, मग जुनी तात्पुरती सेवाच चालू धर."

"ती एकोणतीसला संपली, मिस. पत्रातच लिहिलंय. एकोणतीसला जुनी संपली, तीसला नवी सुरू व्हायची होती, ती झाली नाही."

"मग एकतीस तारखेला मी कोण होते?"

औकुसोने कॅलेंडर बघितलं. "एकतीसला शनिवार होता, मिस. सुट्टी."

"औकुसो!" तिचा वर्गातला आवाज निघाला आणि रांगेतले चार शिक्षक ताठ झाले. "तीस डिसेंबर झालीच नाही, हे तुला इतकं पक्कं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, मिस," तो अगदी कळवळून म्हणाला. "परीक्षेत मी लिहिलं होतं, त्या दिवशी पाऊस पडला. तुम्ही दोन गुण कापलेत. तेव्हापासून मी विसरलो नाही."

फुआतिनोने फ्रेम उचलून काखेत घातली. उत्तर बरोबर होतं आणि तिनेच शिकवलेलं होतं. खोटं सांगायचं तर इतकंच, की परतीच्या फेरीवर तिला औकुसोचा राग आला. खरं सांगायचं तर अभिमानही वाटला, आणि त्याचाच जास्त राग आला.

*

पंधरा दिवसांनी निर्णय आला. फुआतिनोची आजवर नेमणूक झालेली नाही. मात्र पदविका असल्याने तिला नवीन उमेदवार म्हणून घेता येईल. त्यासाठी सहा आठवडे पाठ घ्यायचे, आणि त्याच विषयाच्या पदविकाधारक शिक्षकाने वर्गात बसून शंभरपैकी गुण द्यायचे. पासाला पन्नास.

मुख्याध्यापक तानिएलू विज्ञानवाले. तालुक्यात सामाजिक शास्त्राची पदविका असलेली दुसरी व्यक्ती नव्हती. त्यांनी नियमांची पुस्तिका शेवटपर्यंत वाचली, जे आजवर कुणी केलं नसावं.

"इथे लिहिलंय," ते चष्मा वर करून म्हणाले, "दुसरा शिक्षक न मिळाल्यास, त्या पदाचं काम सध्या जी व्यक्ती बघत असेल तिनेच देखरेख करायची."

"सध्या कोण बघतंय?"

"तुम्हीच की."

"म्हणजे मी माझ्यावर देखरेख करायची?"

तानिएलूंनी अपियाला फोन लावला. औकुसोने पंधरा मिनिटं पुस्तिका चाळली आणि सांगितलं, असं करू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.

कुणी दुसरं असतं तर घरी बसून स्वतःला नव्वद गुण देऊन मोकळं झालं असतं. तानिएलूंनी तसं सुचवलंही. पण फुआतिनोने तीस वर्षांत कुणाला न बघता गुण दिले नव्हते. तिने मागच्या भिंतीला एक खुर्ची लावली. अर्धा तास ती फळ्यापाशी शिकवायची, मग मुलांना लिहायला देऊन मागे जाऊन बसायची आणि वहीत टिपणं काढायची. पहिले दोन दिवस मुलांची हसून मुरकुंडी वळली. तिसऱ्या दिवशी एका मुलीने हात वर केला.

"मिस, आत्ता तुम्ही कोण आहात?"

"आत्ता मी देखरेख. प्रश्न असेल तर शिक्षिकेला विचार."

"त्या कुठे गेल्या?"

"येतील. तोवर लिही."

सहा आठवड्यांनी तिने स्वतःचा निकाल पाठवला : शंभरपैकी चव्वेचाळीस.

त्या संध्याकाळी पेसामिनो सभेतून परतला तो रागाने लाल होऊन. बातमी त्याच्या आधी गावात पोचली होती.

"कोण तो? कुणी माझ्या बायकोला नापास केलं? नाव सांग, उद्या त्याच्या घराण्याने माझ्या दारात चटई पांघरून माफी मागायला बसलं पाहिजे!"

"मी," फुआतिनो म्हणाली. ती नारळाच्या दुधात भाजी शिजवत होती.

"काय मी?"

"मीच केलं. चव्वेचाळीस बसतात, पेसा. दोनदा जोडून बघितले."

पेसामिनो खाली बसला. आता माफी मागायला त्याच्याच घराण्याने त्याच्याच दारात बसायला हवं होतं, आणि मताई म्हणून क्षमा करायला तोच. थोडा वेळ तो हे मनात मांडत राहिला. मग त्याने नाद सोडला. "सहा गुण जास्त दिले असतेस तर हात झिजला असता तुझा?"

"व्यापाराच्या धड्यात बाई निम्मा वेळ वादळाची गोष्ट सांगत बसली. घंटा झाली तरी थांबली नाही. मूल उत्तर देतंय तोवर हीच पुढचं बोलते. काय देऊ?"

"ती बाई म्हणजे तूच आहेस गं!"

"म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी तानिएलूंनी हात जोडले. "फुआतिनो, निकाल परत मागवा. दुसरं माणूस कुठून आणू मी?"

"निकाल बदलायचा नसतो, सर. पुस्तिकेत दुसरी संधी आहे. देखरेख करणाऱ्याने उमेदवाराशी चर्चा करायची, दोघांनी सह्या करायच्या, आणि मग परत सहा आठवडे."

ही चर्चा तिने खरोखर केली. गावाला आजही ती आठवते. शनिवारी सकाळी ती समुद्राकडच्या उघड्या घरात चटईवर वही घेऊन बसली. पेसामिनो बाहेर उभा राहून येणाऱ्यांना अडवत होता. "आत मीटिंग आहे." लोक खांबांमधून आत बघायचे, एकटी फुआतिनो दिसायची, आणि आदराने लांबून वळसा घालून जायचे.

आत तिने सहा आठवड्यांची टिपणं पहिल्यापासून वाचली. कुणाला किती वेळा प्रश्न विचारला, याच्या रेघा तिने मारल्या होत्या. पुढच्या दोन रांगांपुढे रेघांची दाटी. मधल्या रांगांपुढे तीनचार. मागच्या रांगेपुढे कागद कोरा. तिला वाटलं आपण मोजायला चुकलो. परत मोजलं. मग तिने आठवायचा प्रयत्न केला की मागच्या वर्षी मागच्या रांगेत कोण कोण बसत होतं, आणि तिला दोनच नावं आठवली. फुआतिनो सहसा रडत नाही. तिने वही बंद केली, पदराने नाही तर कमरेला गुंडाळलेल्या लाव्हालाव्हाच्या टोकाने नाक पुसलं, आणि दोन सह्या केल्या. उमेदवाराची जरा लहान, देखरेखीची जरा मोठी.

दुसऱ्या खेपेला ती वर्गाच्या मागच्या दारानेच आत यायची. पहिला प्रश्न भिंतीला टेकलेल्यांना. पहिल्या दिवशी मागची रांग इतकी दचकली की एका मुलीच्या हातून वही पडली. आठ दिवसांत त्यांना सवय झाली, आणि पंधरा दिवसांत ती मुलं बोलायची थांबेनात. पुढच्या रांगा रुसल्या. वादळाची गोष्ट तिने पूर्ण बंद केली नाही, पण घंटेच्या आत संपवायला शिकली.

शेवटच्या आठवड्यात औकुसो अपियाहून तपासणीला आला. ही देखरेख खरंच होतेय का, याची कचेरीला शंका होती, आणि ती रास्तच होती. फुआतिनोने त्याला मागची खुर्ची दिली. धडा चालू असताना ती वळली.

"मागे पाहुणे बसलेत, त्यांना विचारूया. औकुसो, आपण तारीखरेषा का ओलांडली?"

औकुसो उठून उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं, आणि कान लाल. "व्यापारासाठी, मिस. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात सोमवार असायचा तेव्हा आपण चर्चमध्ये बसलेलो असायचो. आठवड्यातले कामाचे दिवस फुकट जायचे."

"बरोबर. बस."

तो बसला नाही. म्हणाला, "मिस, मी दोन वर्षं याच भिंतीपाशी बसायचो. तुम्ही मला पहिल्यांदाच काही विचारलंत."

फुआतिनोच्या हातात खडू होता, तो तिने फळ्याच्या कडेला ठेवला.

"ते मला गेल्या महिन्यात कळलं," ती म्हणाली. "तुझी माफी मागते मी."

शिक्षिकेने माफी मागितल्याचं त्या वर्गाने कधी पाहिलं नव्हतं. कुणी हसलं नाही. औकुसोला काय करावं कळेना, म्हणून त्याने वहीत काहीतरी लिहिलं. नंतर तानिएलूंनी चोरून बघितलं, तर तिथे एकच शब्द तीनदा लिहिलेला होता : 'समाधानकारक'.

या खेपेला फुआतिनोने स्वतःला एकसष्ट दिले. पेसामिनोने पासष्टसाठी घासाघीस केली, पण तिने ऐकलं नाही. गावाने मात्र पास झाल्याबद्दल डुक्कर भाजलं. सभेतल्या वक्त्याने भाषणात सांगितलं की आपल्या फुआतिनोने एका अत्यंत कडक परीक्षकाला नमवलं, आणि त्या परीक्षकाच्या घराण्यालाही या मेजवानीत मानाचा वाटा मिळावा. पेसामिनोच्या घरी त्या दिवशी दोन वाटे आले.

२०२०च्या जानेवारीत नोंदणीचा कागद आला. फुआतिनो, वय पन्नास, पदविका, सामाजिक शास्त्र, सेवेचा पहिला दिवस : सोमवार, २७ जानेवारी २०२०. तारीख तिने कॅलेंडरमध्ये तपासली. शेजाऱ्यांच्या कॅलेंडरमध्येही तपासली. दोन्हीकडे दिवस होता.

आता शिक्षकांच्या खोलीत ती सगळ्यांत नवी. फागालेले हायस्कुलाची रीत अशी की मधल्या सुट्टीत सगळ्यांचा कोको सर्वांत नव्या शिक्षकाने करायचा. आधीच्या वर्षी ते काम लागीमाइनाकडे होतं. बावीस वर्षांची, गणिताची, फुआतिनोचीच विद्यार्थिनी. पहिल्या सुट्टीत ती सवयीने किटलीकडे निघाली, तशी फुआतिनोने तिला हटकलं.

"बस गं. तू जुनी आहेस."

"मिस, अहो काय हे! मला लाज वाटते."

"लाज कसली? तुझी नोंद माझ्याआधी एक वर्ष झाली. आणि मला मिस म्हणू नकोस. मीच तुला मिस म्हणायला हवं."

लागीमाइना केविलवाण्या चेहऱ्याने खुर्चीच्या कडेवर टेकली. तानिएलू वर्तमानपत्रामागे लपले. फुआतिनोने कोकोचा गोळा घसघशीत खवला, उकळला, साखर टाकली आणि मानाच्या क्रमाने कप नेऊन ठेवले : आधी तानिएलू, मग इतर, शेवटी लागीमाइना. सगळ्यांनी एक घोट घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. कोको इतका कडू आणि दाट होता की चमचा त्यात उभा राहील.

"मिस," लागीमाइना भीत भीत म्हणाली, "साखर थोडी..."

"सूचना वहीत लिहून द्या, मिस," फुआतिनो म्हणाली. तिने स्वतःचा कप भरला, आणि नव्या माणसांसाठी ठेवलेल्या, एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर जाऊन बसली. कोको चाखून बघितला. खरंच कडू होता. तिने मनातल्या मनात त्याला चाळीस गुण दिले, उठली आणि साखरेचा डबा शोधायला लागली.